साक्षीदाराचा माईक

सुनावणी दहाला सुरू होणार होती आणि साडेसातलाच माझं डोकं फिरलं होतं.

मी एबो. आमच्या भागात मला एबो साउंड म्हणतात. लग्न, मयत, चर्च, फुटबॉलचे सामने, शाळेची बक्षिसं, जिथे माईक लागतो तिथे माझा टेम्पो उभा असतो. बावीस वर्षं हेच करतोय. त्या दिवशीचं बोलावणं मात्र खाणकंपनीचं होतं. असुआनो गावामागच्या टेकडीवर कंपनीला खाणीतून उपसलेला राडारोडा आणि गाळ टाकायचा होता. तशी परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायच्या आधी गावाचं म्हणणं ऐकायला राजधानीहून, अक्राहून, सरकारी मॅडम येणार होत्या. कुणीही उठावं, माईकपाशी यावं, बोलावं. जे बोलाल ते सगळं लिहून घेतलं जाणार.

सभागृह कंपनीनेच गावाला बांधून दिलेलं. बाहेरून फार देखणं. आत शिरून मी एकदा टाळी वाजवली, ती मला तीनदा ऐकू आली. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, व्यासपीठामागे छतापर्यंत चकचकीत टाइल्स. शब्द तोंडातून निघाला की या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत फिरतो आणि पुढचा शब्द येईपर्यंत विझतच नाही. अशा जागी निदान स्पीकरची खोकी तरी नीट मांडता यायला हवीत.

तेही होईना. कंपनीचा मिस्टर लार्ते पांढऱ्या कडक शर्टात माझ्या आधीच हजर होता. गावाशी बोलणं, समारंभ करणं, फोटो काढून घेणं, हे त्याचं काम. त्याने माझी दोन्ही मोठी खोकी व्यासपीठाच्या मागच्या कोपऱ्यांत लावायला लावली.

"सर, ही पुढे हवीत," मी म्हटलं. "लोकांचा माईक खाली, मधल्या वाटेत आहे. खोकी मागून थेट त्याच्यावर ओरडणार. माईक तेच पुन्हा उचलणार, आणि मग जी शिट्टी सुटेल ती थांबायची नाही."

"पुढे लावली तर मागचा कंपनीचा बॅनर झाकला जातो, मिस्टर एबो."

"मग लोकांचा माईक तरी बाजूला घेऊ?"

"कॅमेरा तिथेच लागणार आहे." त्याने माझ्या पेटीकडे बोट दाखवलं. "तुमच्याकडे ते दांड्यांचं यंत्र आहे ना? गेल्या वर्षी तुम्हीच सांगत होता, त्याने सगळं ठीक होतं म्हणून."

ते यंत्र म्हणजे माझा ग्राफिक इक्वलायझर. एका ओळीत एकतीस छोट्या दांड्या. डावीकडे खर्ज, ढोलाचा आणि पंख्यांच्या घरघरीचा. उजवीकडे बारीक, किणकिणता आवाज. मधे माणसाचं बोलणं. जो सूर जागेत जास्त घुमतो त्याची दांडी खाली ओढायची, जो कमी पडतो त्याची थोडी वर. गेल्या वर्षी मी बढाई मारली होती हे खरं. पण सगळं ठीक होतं असं मी म्हणालो नव्हतो. दांडी आवाज कमी-जास्त करते. ती भिंत हलवत नाही आणि बॅनरही हलवत नाही.

मी वाद सोडला आणि कामाला लागलो. रीत अशी, की माईक चालू ठेवून आवाज हळूहळू वाढवत न्यायचा. ज्या सुरावर शिट्टी फुटेल त्याची दांडी खाली. मग आणखी वाढवायचा, पुढची शिट्टी पकडायची. व्यासपीठावरचा माईक दोन खोक्यांच्या मधे, मागच्या भिंतीलगत, त्यांच्या माऱ्याबाहेर होता, तो शहाण्यासारखा वागला. खालचा मात्र जीव खाऊ लागला. पहिली शिट्टी अडीच हजार हर्ट्झच्या दांडीवर. ती दाबली तर सोळाशेवर. ती दाबली तर सव्वातीन हजारावर. मग आठशे, मग चार हजार. पाच दांड्या तळाला गेल्या तेव्हा कुठे शिट्टी थांबली. मी माईकवर आकडे मोजून पाहिले. माझाच आवाज मला गोधडीखालून आल्यासारखा वाटला. माणसाच्या बोलण्यातले शब्द ज्या सुरांवर उमटतात, नेमके तेच मी कापून ठेवले होते.

"छान," लार्ते म्हणाला. "आता शिट्टी येत नाहीये."

"शब्दही येत नाहीयेत, सर."

"लोक मोठ्याने बोलतील. खेड्यातले लोक आहेत."

दहापर्यंत सभागृह गच्च भरलं. खिडक्यांतही माणसं. कुणाच्या हातात पाण्याच्या पिशव्या, कुणाच्या मांडीवर पोरं, वर आठ पंखे घरघरत. मॅडम डोग्बे वेळेवर आल्या. बारीक चणीच्या, चष्म्यातून सरळ बघणाऱ्या. त्यांच्या बाजूला नोंद घेणारा कारकून बसला. त्याच्या कानांवर हेडफोन, आणि त्याची तार माझ्या मिक्सरमधून गेलेली. म्हणजे माझ्या दांड्यांतून जे सुटेल तेवढंच त्याला ऐकू येणार.

लार्ते पहिला बोलला. त्याचा आवाज मुळातच पिंपातून आल्यासारखा, त्यात व्यासपीठावरचा माईक. टेकडी कोरडी आहे, ओढा उन्हाळ्यात आटतो, नकाशा पहा, पाण्याला काही धोका नाही. एकेक शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचला. कारकून भराभर लिहीत होता.

मग एना अराबा उठली.

एना म्हणजे आई. गावात वयाने तिच्यापुढे कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांचीच एना. काठी टेकत ती मधल्या वाटेने आली. माईक तिने दोन्ही हातांनी धरला, पोटापाशी, फुफू कांडायचं मुसळ धरावं तसा. ती बोलू लागली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. खोक्यांतून फक्त एक मऊ हुंकार येत होता.

"ऐकू येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी आवाज वाढवला. शिट्टी फुटली. लोकांनी कानांवर हात ठेवले, एक पोर रडू लागलं. मी आवाज उतरवला. पुन्हा हुंकार.

"एना, माईक तोंडाजवळ घ्या!" मी माझ्या टेबलामागून हाक मारली. तिने मान डोलावली आणि माईक आणखी खाली नेला. तिला वाटलं, शिट्टी तिच्यामुळेच वाजतेय.

कारकुनाने हात वर केला. "मॅडम, साक्षीदाराचं बोलणं ऐकू येत नाही. नोंद करता येत नाही."

तेवढ्यात एफुआ उठली. एफुआ बाजारात धुरी दिलेली मासळी आणि केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकते. बारा वर्षं मी तिच्याकडे जेवतोय. माझ्या पानात मिरचीची चटणी किती घालायची हे माझ्या बायकोपेक्षा तिला नीट माहीत.

"का रे, एबो?" कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली. तिला माईकची कधीच गरज नव्हती. "साहेबाचा आवाज कसा घणघणत होता! आणि आमची म्हातारी बोलायला लागली की तुझं यंत्र आजारी पडतं होय?"

लोक हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती.

"एफुआ, खोकी चुकीच्या जागी आहेत, त्यामुळे..."

"खोकी चुकीच्या जागी आहेत की तू चुकीच्या जागी बसलायस? किती दिले त्यांनी तुला?"

"विकला गेला!" खिडकीतून कुणीतरी म्हणालं. मग तो शब्द बाकाबाकावरून फिरत पुढे आला. ज्यांच्या मयतीला मी माईक लावले, ज्यांच्या पोरींच्या लग्नात पहाटेपर्यंत गाणी वाजवली, ती माणसं माझ्याकडे बघून ते म्हणत होती. माझे कान तापले. उठून सगळ्या तारा उपटाव्यात, टेम्पो काढावा आणि घरी जावं, असं फार वाटलं. पण मी निघून गेलो असतो तर ते खरंच ठरलं असतं.

मग गावप्रमुखांच्या शेजारी बसलेला ओक्यामे टाविया उभा राहिला. ओक्यामे म्हणजे आमच्या गावप्रमुखाचा आवाज. प्रमुख हळू बोलतात आणि ओक्यामे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. साठीचा, खांद्यावरून वस्त्र घेतलेला, हातात मुठीला सोनेरी मुलामा दिलेली काठी.

"मॅडम," तो म्हणाला, आणि पत्रा हलला. "या पोराच्या पेटीपेक्षा माझा गळा बरा आहे. एना मला सांगेल, मी तुम्हाला सांगतो. हेच माझं काम आहे."

मॅडम डोग्बेंनी मान हलवली. "माफ करा, ओक्यामे. साक्ष साक्षीदाराच्याच तोंडून नोंदवावी लागते. दुसऱ्याने सांगितलेलं मला घेता येत नाही. तसा नियम आहे."

"म्हणजे तिचं ऐकू येत नाही म्हणून लिहायचं नाही, आणि मी बोललो तर ते तिचं नाही म्हणून लिहायचं नाही?"

"यंत्र दुरुस्त होत असेल तर मी थांबते. वीस मिनिटं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "होईल का?"

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. लार्ते घड्याळ बघत होता. "नाहीतर लेखी निवेदन देता येईल, मॅडम," तो मऊपणे म्हणाला. एना अराबाला लिहिता येत नव्हतं, आणि हे त्यालाही ठाऊक असणार.

"होईल," मी म्हटलं. "पण मला खोकी हलवावी लागतील."

"बॅनर..." लार्तेने सुरुवात केली.

"हलवा," मॅडम म्हणाल्या.

खोकं एकट्याने उचलायचं नसतं. मी पहिल्याला हात घातला तर दुसऱ्या बाजूला एफुआचा नवरा आला. आम्ही दोन्ही खोकी व्यासपीठाच्या पुढच्या कडेला आणली आणि लोकांकडे तोंड करून लावली. कंपनीच्या नावातली पहिली तीन अक्षरं एका खोक्यामागे गेली आणि शेवटची दोन दुसऱ्यामागे. मग मी लोकांचा माईक उचलून मागे, खोक्यांच्या पाठीशी आणला. एनाला तिथेच, व्यासपीठावर खुर्ची दिली.

"एना, माईक तोंडाशी धरायचा. मक्याचं कणीस खाताना धरता तसा."

"थुंकी उडते की त्यावर."

"उडू दे."

"दुसऱ्याला बोलायचंय ना मग त्यात." ती माझ्याकडे संशयाने बघत होती. "आणि तो किंचाळतो."

बोलता बोलता तिने तो पुन्हा मांडीवर ठेवला. माझ्या तोंडाला फेस यायची वेळ आली. मी धरून उभा राहिलो तर दांड्या कोण हलवणार? ओक्यामे टाविया बघत होता. त्याने आपली काठी प्रमुखांच्या शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्याच्या हातात दिली, वस्त्र सावरलं आणि एनाच्या शेजारी गुडघ्यावर बसला.

"आण तो इकडे," तो मला म्हणाला. "कुठे धरायचा ते दाखव."

मी दाखवलं. हनुवटीपासून दोन बोटं. त्याने माईक तसाच धरला आणि तोंड मिटून घेतलं.

पंखे बंद करायला लावले. लोक कुरकुरले, पण केले. मग मी दांड्यांपाशी बसलो. आतापर्यंत मी असा आवाज लावत होतो की सगळ्यांचं भागावं. लार्तेचं पिंपही चालावं, मॅडमचंही, गावाचंही. पण यंत्र एकच आणि दांड्या एकच. आता मी ठरवलं, फक्त हिच्यासाठी. लार्तेसाठी राखलेला सगळा खर्ज मी तळाला नेला. सभागृह जिथे घुमत होतं ती अडीचशेची आणि तिच्या आसपासच्या दांड्या खाली. सकाळी कापलेल्या अडीच हजार, सव्वातीन हजार, एकेक केसभर वर. थांबायचं, ऐकायचं. आणखी केसभर. एकदा बारीकशी शिट्टी उगवली तशी सगळ्यांनी श्वास रोखला. सहा हजाराच्या पट्टीत होती. मी ती दांडी ओढली आणि शिट्टी मेली.

"काहीतरी बोला, एना."

"काय बोलू? सकाळपासून बोलतेच आहे."

आणि ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. पातळ होतं, किंचित कर्कश, पण शब्द न् शब्द सुटा. लोक हसले. एना दचकली. कारकुनाने पेन उचललं.

ती मग न थांबता बोलली. ती लहान होती, पाण्याचं भांडं डोक्यावर तोलता येऊ लागलं होतं, तेव्हा तंबूत राहणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने त्याच टेकडीवर खड्डे खणले. ओढा उन्हाळ्यात आटतो हे खरं. पण गावच्या विहिरीला येणारं पाणी ओढ्यातून येतच नाही. ते टेकडीच्या पोटातून येतं, आणि कुठून येतं ती जागा तिच्या आईने तिला दाखवलेली आहे. त्या वर्षी विहीर लाल झाली. दोन पावसाळे ती लालच राहिली. त्या काळात तिच्या गल्लीत जी पोरं गेली त्यांची नावं ती घेऊ लागली.

"कोबिना. अडवोआ. पांयिन आणि काकरा, ती जुळी होती. आणि मन्सा. मन्सा माझी बहीण, माझ्या पाठची. तिला मीच त्या विहिरीचं पाणी पाजायचे."

ओक्यामे अजून गुडघ्यावरच होता. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि माईक हलू दिला नाही.

"तुमचा नकाशा कुणी काढला, मला माहीत नाही," ती लार्तेला म्हणाली. "त्याला माझ्याकडे पाठवा. मी चालत जाऊन जागा दाखवते. सकाळच्या वेळी आलात तर गुडघे बरे असतात."

ती उठली. बायकांनी तिला वाट करून दिली.

उत्तर द्यायला लार्ते उभा राहिला. "मॅडम, आदरणीय वडीलधारे..." आणि त्याचा तो भरदार आवाज खोक्यांतून निघाला तो डासासारखा. कुठे खर्ज नाही, कुठे वजन नाही, डब्यात कोंडलेला डास. पहिल्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं सभागृह खदखदलं. एफुआ तर डोळे पुसत होती. मी खर्जाच्या दांड्या घाईघाईने वर घेऊ लागलो, खरंच. पण घाईत जास्त वर गेल्या आणि सभागृह भोंग्यासारखं घुमलं, आणि लोक आणखीच हसले. लार्ते दोन मिनिटांत खाली बसला.

सुनावणी संपल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. आता तो मला 'तुम्ही' म्हणत नव्हता.

"मुद्दाम केलंस."

"नाही, सर. यंत्र एकच आहे. तिच्यासाठी लावलं तर तुमच्या आवाजाचं असं होतं."

"गावाने किती दिले तुला?"

मला हसू आलं नाही. सकाळपासून दुसऱ्यांदा तोच प्रश्न, तोही दुसऱ्या बाजूने. मी तारा गुंडाळत राहिलो. त्यानंतर कंपनीचं बोलावणं मला कधी आलं नाही. एफुआच्या टपरीवर मी आठवडाभर गेलो नाही. नंतर गेलो तेव्हा तिने न मागता माशाचा मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "खोकी सुरुवातीलाच पुढे लावायची होतीस. एवढं साधं कळत नाही, आणि म्हणे साउंड." मी म्हटलं, मी सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग ओरडून सांगायचं." मी मासा खायला घेतला.

तीन महिन्यांनी सुनावणीचा छापील अहवाल जिल्हा कार्यालयात लागला. निर्णय एवढाच, की टेकडीवरच्या पाण्याची पुन्हा पाहणी व्हावी आणि तोपर्यंत राडारोडा टाकू नये. पाहणी कोण करणार, कधी करणार, ते लिहिलेलं नव्हतं. कुणी गाव जिंकलं असं म्हणत होतं, कुणी कंपनीने वेळ मारून नेली असं म्हणत होतं. एना अराबाची साक्ष मात्र पूर्ण होती, दीड पान. मी प्रत घेऊन तिच्याकडे गेलो. ती अंगणात वांगी चिरत बसली होती.

"नावं आली का?" तिने विचारलं. "वाच."

मी वाचली. कोबिना. अडवोआ. पांयिन आणि काकरा. पाचव्या नावापाशी माझी जीभ अडली. मन्साच्या जागी तिथे लिहिलं होतं, 'मान्ते'. मान्ते हे आडनाव, मुलीचं नाव नव्हे. 'स' हा सगळ्यात वरच्या बारीक सुरांत असतो, सहा हजाराच्या आसपास. ती दांडी मी शिट्टी दाबण्यासाठी ओढली होती आणि तशीच ठेवली होती. कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं होतं.

"पुढे?" एना म्हणाली.

मी तिला खरं सांगितलं. नाव चुकलंय आणि माझ्यामुळे चुकलंय, हेही सांगितलं. दांडीबद्दल सांगितलं. ते तिला कितपत कळलं, ठाऊक नाही. तिने हातातलं वांगं खाली ठेवलं.

"मग ते दुरुस्त कर," ती म्हणाली.

मी जिल्हा कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, साक्षीदाराने स्वतः अर्ज करावा. एनाचा अंगठा घेऊन अर्ज नेला. तो म्हणाला, अंगठ्याला साक्षीदार लागतो. ओक्यामे टावियाची सही घेऊन गेलो. तर म्हणाला, अहवाल अक्राचा आहे, दुरुस्ती तिथेच होते, इथे नुसता लावलाय. मी म्हटलं, एकच शब्द आहे हो, एका मुलीचं नाव आहे. तो म्हणाला, मला कळतंय, पण माझ्या हातात नाही.

मंगळवारी मी अक्राला जातोय. पहाटेची बस आहे. ओक्यामेने मॅडम डोग्बेंच्या कार्यालयाचा पत्ता मिळवून दिलाय. एना म्हणते, तीही येणार. मी म्हटलं सहा तासांचा रस्ता आहे, गुडघे दुखतील. ती म्हणते, तुझ्यावर सोपवलं तर पुन्हा काहीतरी खाली ओढून ठेवशील.